बॉल कुठे आहे?

'त्यात काय आहे?' हे वाक्य ज्यांनी कधीही बोलू नये अशा माणसांत आपल्या सर्व्हेयरांचा नंबर बराच वर लागेल. हेच म्हणून त्यांनी एकदा स्वयंपाकघरातला गळका नळ स्वतः उघडला होता, आणि खालच्या मजल्यावरची मंडळी छताखाली बादल्या धरून उभी राहिली होती. हेच म्हणून ते सोसायटीच्या सभेत आभार मानायला उठले आणि ज्यांचे मानायचे ते सोडून बाकी सगळ्यांचे मानून खाली बसले. तरी माणूस सुधारेल तर शपथ. त्या रविवारी टीव्हीवर फुटबॉलची मॅच चालू असताना ते पुन्हा हेच म्हणाले, आणि पुढचं सगळं लचांड तिथून सुरू झालं.

झालं होतं असं, की मॅच रंगात आली असताना सासरे एकदम म्हणाले, "बंद करा तो डबा."

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नाना शाळेत खेळाचे मास्तर होते. गळ्यात शिट्टी घालून त्यांनी अख्खं आयुष्य मैदानावर काढलं, आणि गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर गेली. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, शेवटी सगळ्यात मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा नानांनीच त्यांची समजूत काढली. मग लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली. तेव्हापासून खोलीतून हॉल आणि हॉलमधून खोली एवढाच त्यांचा प्रवास. मैदानाचं नाव काढलं की म्हणायचे, "मी तिथं येऊन काय करू? गोंगाट ऐकू?"

"काय झालं नाना?" सर्व्हेयरांनी विचारलं.

"जावईबापू, हे दोघं कॉमेंट्रीवाले मघापासून त्या खेळाडूच्या बहिणीच्या लग्नाची हकीकत सांगतायत. लोक ओरडतायत, काहीतरी घडतंय, आणि हे आपले वऱ्हाडात. बॉल कुठे आहे? तेवढं सोडून सगळं सांगतात."

"त्यांना वाटतं आपल्याला दिसतंय," सर्व्हेयर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली.

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने असं बघितलं, की सर्व्हेयरांना काहीतरी भरपाई करणं भागच पडलं. ते खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, "आपल्या छकुलीची फायनल आहे ना, तिथं मी सांगतो तुम्हाला. सगळी मॅच. त्यात काय आहे?"

छकुली म्हणजे त्यांची मुलगी. हे नाव ती पाळण्यात असताना ठेवलेलं. आता ती बापापेक्षा बोटभर उंच झाली होती, मुलींच्या क्लबची गोलकीपर होती, आणि घराबाहेर कुणी त्या नावाने हाक मारली तर महिनाभर अबोला धरत होती. तिला बॉल अडवायला नानांनीच शिकवलं होतं. क्लब पहिल्यांदाच फायनलला पोचला होता. "आजोबा नाही आले तर मला काही वाटणार नाही," असं ती एकदाच म्हणाली आणि त्यानंतर दिवसभर कुणाशी धड बोलली नाही.

नानांनी गळ्याशी, जिथं शिट्टी असायची तिथं, हात फिरवला. मग म्हणाले, "ठीक आहे. एकदा येतो. जमलं नाही, तर पुन्हा मला 'चला' म्हणायचं नाही. कुणीच म्हणायचं नाही. कबूल?"

"कबूल," सर्व्हेयर म्हणाले. बायको पदराला हात पुसत तिथंच उभी होती. आत आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "मैदानावरून हिरमुसून परत आले ना, तर ते त्या खोलीतून बाहेर पडायचे नाहीत. समजलं का? विनोद करू नका."

आता सर्व्हेयरांचा धंदा सांगायला हवा, कारण घोटाळ्याचं मूळ तिथं आहे. ते विम्याचे सर्व्हेयर होते. गाडी कुठे ठोकली, आपटली, खड्ड्यात गेली, की ते गॅरेजमध्ये जात, चेपलेला पत्रा बोटाने दाबून बघत, फोटो काढत आणि कुणाची किती चूक ते ठरवत. गाड्या त्यांनी आयुष्यभर पाहिल्या, पण सगळ्या उभ्या. गाडी चालू असेपर्यंत त्यांना कुणी बोलवतच नसे.

सराव दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. टीव्हीचा आवाज बंद केला, नाना समोर बसले, सर्व्हेयरांनी घसा साफ केला.

"निळ्या शर्टातला इसम डावीकडून भरधाव येत होता..."

"येत होता? मग आता कुठे आहे?"

"थांबा, बघतो. आता तो पडलेला आहे. समोरून येणाऱ्या पांढऱ्या शर्टातल्या इसमाने बाजू दिली नाही. प्रथमदर्शनी चूक पांढऱ्याची वाटते, पण निळ्यानेही वेग आवरायला हवा होता."

"जावईबापू," नाना शांतपणे म्हणाले, "बॉल कुठे आहे?"

सर्व्हेयरांनी बॉल शोधला. बॉल केव्हाच दुसऱ्या टोकाला गेला होता आणि तिथं अकरा माणसं एकमेकांच्या अंगावर पडून आनंद साजरा करत होती. म्हणजे मधल्या मध्ये एक गोल होऊन गेला होता, आणि हे अजून अपघाताच्या जागी पंचनामा करत बसले होते.

अशा गोष्टी घरात राहत नाहीत. बातमी जिन्यावर पोचली आणि सल्ले खाली उतरायला लागले. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड बँक मॅनेजर संध्याकाळी चप्पल वाजवत आले. "कॉमेंट्रीचं मर्म सांगू? आवाजात चढउतार. मी बँकेत वार्षिक अहवाल वाचायचो, तर मागच्या रांगेतला शिपाई सुद्धा डोळे पुसायचा." त्यांनी नमुना म्हणून "काय हा अप्रतिम खेळ!" हे वाक्य तीन पट्ट्यांत म्हणून दाखवलं. समोरच्या शिक्षिकाबाईंचं म्हणणं पडलं, की चढउतार ठीक आहे, पण उपमा हव्यात. उपमेवाचून वर्णन म्हणजे नुसती हजेरी. त्यांनी उपमा सांगितल्या आणि सर्व्हेयरांकडून पाठ करून घेतल्या. वीज, वारा, हरिण, ढाल, भिंत. भिंत गोलकीपरसाठी राखीव ठेवायची होती.

सर्व्हेयर ऑफिसला जाता-येता "विजेसारखी, वाऱ्यासारखी" पुटपुटायला लागले. एका गॅरेजवाल्याने त्यांना बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं. एरवी तो ते देत नसे.

या सगळ्या सल्लागारांत एकटे नाना काही सल्ला देत नव्हते. पण एका संध्याकाळी, सरावाचा बट्ट्याबोळ झाल्यावर, ते आपणहून बोलायला लागले. "लहानपणी आमच्या चाळीत एकच रेडिओ होता. त्यावर एक कॉमेंट्रीवाला यायचा. आवाज म्हणाल तर फुटक्या भांड्यासारखा. पण त्याने तोंड उघडलं की पहिल्यांदा सांगायचा, बॉल कुठे आहे. मग कुणाकडे आहे. मग गोल किती लांब आहे. झालं. उरलेलं मैदान आम्ही आमचं उभं करायचो. एकदा मैदानात कुत्रा घुसला. तर या गृहस्थाने कुत्र्याचीसुद्धा तशीच कॉमेंट्री केली. कुत्रा मधल्या रेषेवर आहे, कुत्र्याने दोघांना चकवलंय, कुत्र्यापुढे आता फक्त गोलकीपर. चाळीतली माणसं हसून हसून गडबडा लोळली. त्या दिवशी कोण जिंकलं ते मला आठवत नाही. कुत्रा अजून दिसतो."

'दिसतो' म्हणताना नाना हसले. कित्येक महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. बायको हातात पळी घेऊन दारात थांबली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सर्व्हेयरांनी ते पाहिलं. आतापर्यंत हा त्यांच्या शब्दाचा प्रश्न होता, आता तो म्हाताऱ्याचा झाला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण सोसायटीच्या सेक्रेटरींना कुठलीही गोष्ट छोटी राहिलेली खपत नाही. ते म्हणाले, "एकट्या नानांसाठी कशाला? आपल्याकडे माइक आहे, कर्णा आहे, नुसता धूळ खात पडलाय. अख्ख्या मैदानाला ऐकू द्या की." सर्व्हेयरांनी नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्या तोंडातून काय बाहेर पडलं हे आता सांगायला नको.

कर्ण्याला परवानगी लागते. मैदानाच्या ऑफिसातला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "धावतं वर्णन? ते कशात बसतं? भाषण करणार?"

"नाही हो."

"गाणी?"

"नाही."

"काही विकणार?"

"अहो, मी सांगणार. जे चाललंय ते."

"जे चाललंय ते लोकांना दिसणारच आहे," कारकून म्हणाला. आपल्या सासऱ्यांना दिसत नाही हे त्या खिडकीतून ओरडून सांगायचं सर्व्हेयरांच्या जिवावर आलं. शेवटी कारकुनालाच दया आली. "तुम्हाला हरवले-सापडलेत बसवतो. मूल हरवलं, चप्पल सापडली, असलं जाहीर करायला कर्णा चालतो. मध्ये मध्ये तुमचं ते वर्णन करा." असा आपला माणूस सरकारदरबारी हरवलेल्या चपलांचा अधिकृत निवेदक होऊन बाहेर पडला. घरी मात्र त्यांनी 'परवानगी मिळाली' एवढंच सांगितलं.

फायनलच्या दिवशी सगळी सोसायटी मैदानावर लोटली. नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मैदानाच्या फाटकात ते क्षणभर थांबले, नाकाने श्वास घेतला आणि म्हणाले, "गवत आजच कापलंय." मग जावयाचा हात धरून आत आले आणि माइकच्या टेबलाशेजारी खुर्चीत ताठ बसले.

शिट्टी झाली. सर्व्हेयरांनी माइक तोंडाजवळ घेतला, कर्णा किंचाळला, आणि कावळे उडाले.

"नमस्कार! काय हा अप्रतिम खेळ!" सर्व्हेयर म्हणाले. बॉलला अजून कुणाचा पायही लागायचा होता. "विजेसारखी धावणारी ही आपली सात नंबरची..." सात नंबरची खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. लोक हसले. लोक हसले की सर्व्हेयरांना घाम फुटे, आणि घाम फुटला की त्यांच्या तोंडून घरगुती बोलणं बाहेर पडे. "आणि तिकडे गोलमध्ये भिंतीसारखी उभी आहे आपली छकुली!"

झालं. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला विरुद्ध क्लबची पोरं बसली होती. त्यांना एवढंच पाहिजे होतं. "छकुली! छकुली!" असा ताल धरला त्यांनी, टाळ्यांसकट. लांब गोलमध्ये उभ्या असलेल्या त्या उंच मुलीने टेबलाकडे जी नजर टाकली, ती सर्व्हेयरांना एवढ्या अंतरावरूनही पोचली.

"काय चाललंय?" नानांनी विचारलं. "तिला का हाका मारतायत? बॉल तिच्याकडे आहे का?"

"नाही, बॉल..." सर्व्हेयरांनी मान वर केली. बॉल तिच्याकडेच चालला होता. एक लाल मोजेवाली मुलगी बॉल घेऊन सुसाट निघाली होती, छकुली पुढे यावं की मागे राहावं या विचारात पाऊलभर अडली, आणि बॉल तिच्या पायांमधून आत गेला.

मैदानात कल्ला झाला. इथं दुसरा कुणी बाप असता तर 'अरेरे' म्हणून गप्प बसला असता. पण समोर आदळआपट झाली, सगळं थांबलं, आणि सर्व्हेयरांच्या अंगातला सर्व्हेयर जागा झाला. शांत, स्पष्ट, अगदी रिपोर्टच्या आवाजात कर्ण्यातून शब्द आले: "सदर गोलबाबत प्राथमिक निष्कर्ष असा, की गोलकीपरने वेळीच पुढे येणं अपेक्षित होतं. जबाबदारी गोलकीपर सत्तर टक्के, बचावफळी तीस टक्के."

मग विरुद्ध बाजूने मनापासून टाळ्या पडल्या. बायकोने कपाळावर हात मारला. बचावफळीतल्या एका मुलीची आई तरातरा टेबलाशी आली. "माझ्या मुलीचे तीस टक्के कसे हो? तिच्या बाजूने बॉल आलाच नाही!"

"आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे," सर्व्हेयर सवयीने म्हणाले. माइक चालूच होता.

खेळ थांबवून रेफरी स्वतः टेबलापाशी आला. "कसली परवानगी आहे तुम्हाला?"

"हरवले-सापडले," सर्व्हेयर पुटपुटले, आणि तेही कर्ण्यातून सगळ्यांनी ऐकलं.

"मग कोण हरवलंय?"

सेक्रेटरींनीच मुकाट्याने वायर ओढून काढली. पुढचा सगळा वेळ सर्व्हेयर मान खाली घालून बसले. नानांनी दोन-तीनदा "आता?" म्हणून विचारलं, त्यांनी "चाललंय, चाललंय" म्हणून वेळ मारून नेली.

हाफ टाइमला छकुली हातमोजे काढत आली. बापासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?" आवाज असा होता, की ओरडली असती तर बरं झालं असतं. मग ती नानांजवळ वाकली. "आजोबा, समजतंय ना सगळं?"

"समजतंय की. झकास खेळतेयस," नाना म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी काठी उचलली आणि उभे राहिले. "चला जावईबापू. घरी जाऊ."

"नाना, अजून अर्धी मॅच..."

"पोरीशी खोटं बोललो मी आत्ता. माझी नात कुठल्या बाजूला उभी होती तेसुद्धा मला कळलं नाही. तिच्या नावाने लोक दंगा करत होते, ती हसत होती की रडत होती ते कळलं नाही. गोंगाट ऐकला. तेवढाच ऐकायचा तर घरी खिडकी आहे."

बायकोने वडिलांची पाण्याची बाटली पिशवीत भरायला घेतली. ते बघून सर्व्हेयरांचा मानापमान, चढउतार, उपमा, सगळं कुठल्या कुठे गेलं. ते नानांच्या वाटेत जाऊन उभे राहिले.

"नाना, मला गाडी आपटल्यावर बोलवतात हो. आपटताना मी कधीच नसतो तिथं. झालेलं मला दिसतं, होताना दिसत नाही. मला नाही येत हे. पण ती तिकडून सारखी तुमच्या खुर्चीकडे बघतेय. खुर्ची रिकामी दिसली तर ती काय खेळणार? थोडा वेळ बसा. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी."

नाना काठीवर रेलून उभे राहिले. "सारखी बघतेय?"

"आत्तासुद्धा बघतेय."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? कॉमेंट्री म्हणजे आणखी काय असतं?" नाना म्हणाले. "तिच्या गोलमागे खुर्च्या न्या. आणि इकडे या, जवळ बसा."

खुर्च्या तारेच्या कुंपणाला लागून मांडल्या. नानांनी आपला डावा तळहात जावयासमोर पसरला. "हे मैदान. मनगटाकडचा गोल छकुलीचा, बोटांकडचा त्यांचा. तुमचं बोट म्हणजे बॉल. बॉल जाईल तिकडे बोट न्या आणि जे दिसेल ते बोला. शोभेचं काही नको."

सर्व्हेयरांना आधी फार संकोच वाटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांचा हात हातात घेण्याची वेळ आली नव्हती. तळहात खरखरीत होता. त्यांनी मधोमध बोट टेकवलं.

"मध्ये आहे. आपल्याकडे. डावीकडे दिला. नाडीवालीकडे. पळतेय. अडवलं. बाहेर गेला. थ्रो आपला. छकुली पुढे आलीय, कमरेवर हात. टाकला. आता त्यांच्याकडे. लाल मोजे. येतेय, येतेय, इकडे येतेय..."

"छकुली?"

"पुढे आली. पडली बॉलवर. धरला! धरला नाना, पोटाशी धरलाय!"

नानांच्या घशातून "शाब्बास" असा आवाज निघाला, शाळेच्या मैदानावर निघत असेल तसा. सर्व्हेयरांचं बोट पळत राहिलं. कुणाची चूक, किती टक्के, हे बघायला सवडच नव्हती, कारण बोट थांबवलं की नाना तळहात हलवून विचारत, "हं, मग?" थोड्याच वेळात नाना त्यांच्याही पुढे धावायला लागले. "उजवीकडे मोकळं असेल बघा," ते म्हणायचे, आणि खरंच असायचं. नाडीवालीने कोपऱ्यातून बॉल उचलून टाकला, बोट नानांच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत गेलं, आणि सर्व्हेयर "आत! आत! आत!" असं ओरडत सासऱ्यांचा हात वर-खाली हलवत सुटले. बरोबरी झाली होती. बायको दोघांच्या मागे उभी राहून हसत होती आणि नाक पुसत होती.

मॅच संपत आली तशी गर्दी त्यांच्या बाजूला दाटली. आणि मग मनगटाजवळ, अगदी छकुलीच्या पुढ्यात, चारपाच मुली एकमेकींवर आदळल्या आणि लांबलचक शिट्टी वाजली.

नाना ताठ झाले. "अशी शिट्टी मी उगाच नाही कधी वाजवली. पेनल्टी दिली?"

"दिली," सर्व्हेयर म्हणाले. "लाल मोजेवाली घेणार. बॉल ठेवला. मागे चाललीय. छकुली रेषेवर आहे. हातमोजे एकमेकांवर आपटले. आता दोन्ही हात पसरलेत. किती लहान दिसतेय नाना, एवढ्या मोठ्या गोलमध्ये..."

आणि सर्व्हेयरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. ठरवून नव्हे. बापाचे डोळे, मिटले आपले. अख्ख्या मैदानात म्हाताऱ्यासाठी उघडे असलेले दोनच डोळे, आणि तेच नेमके बंद झाले.

बुटाचा आवाज आला. लगेच दुसरा, चामड्यावर चामडं आपटल्याचा. लोकांनी श्वास ओढला.

"हाताला लागला!" नाना ओरडले. "अडवला तिने! डावीकडे उडी मारली, डावीकडून आला आवाज! अडवला रे! पण बॉल कुठाय? शिट्टी झाली नाही, बॉल जिवंत आहे! बोट का थांबलं? डोळे मिटलेस का, गाढवा? उघड! पुढचं मला दिसत नाही!"

सर्व्हेयरांनी डोळे उघडले. "समोर आहे, छकुलीसमोर, उडतोय. ती खाली पडलीय. उठतेय. लाल मोजे आली. छकुलीने पाय घातला, आणि... आत गेला. नाना, आत गेला."

पलीकडची बाजू नाचायला लागली. नानांनी थोडा वेळ हात तसाच धरून ठेवला. मग हळूच विचारलं, "चूक कुणाची?"

"ते नाही बघितलं मी," सर्व्हेयर म्हणाले. "ती गुडघ्यांवर बसलीय. आता उठली. जाळ्यातून बॉल काढायला गेलीय. काढला. शर्टाने चेहरा पुसला. बॉल मध्ये फेकला."

"लांब फेकला?"

"खूप लांब."

"मग ठीक आहे," नाना म्हणाले.

मॅच तेवढ्यावर संपली. हरले. घरी येताना नानांनी रिक्षात विचारलं, की या मुलींची पुढची मॅच कधी असते. बायकोने नवऱ्याकडे बघितलं, आणि गेली कित्येक वर्षं तिने असं बघितलं नव्हतं, हे सर्व्हेयर शपथेवर सांगतात.

पण छकुली कुणाशी बोलायला तयार नव्हती. हॉलमध्ये सोफ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. चहा निवून गेला. समाचाराला बँक मॅनेजर आले आणि म्हणाले, की बॉल अडवताना जरा बाजूला ढकलला असता तर बरं झालं असतं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, हरण्यातही शिकण्यासारखं असतं. सत्तर टक्के हा आकडा सर्व्हेयरांच्या डोक्यातून जात नव्हता. शेवटी ते सोफ्याजवळ गेले. "छकुली, चुकलो मी. बाप तिथं बसला होता आणि बोलला सर्व्हेयर."

ती वळली नाही.

"जरा थांबा सगळे," नाना म्हणाले. "काय झालं ते कुणीच नीट सांगत नाहीये." ते खुर्चीत पुढे सरकले. "ती लाल मोजेवाली मागे जाते. मैदान गप्प. कुठेतरी एक लहान मूल रडतंय, त्याची आईसुद्धा त्याला गप्प करायला विसरलीय. पावलं येतात, चार, पाच. बुटाचा आवाज जड आहे, म्हणजे जोरात मारलाय. आणि ही पोरगी, हिच्या बुटांचा आवाज त्याच्याआधी आलाय. आधी! म्हणजे बॉल निघायच्या आत हिला कळलंय कुठे येणार. डावीकडे सगळं अंग फेकते. हातमोज्यावर बसतो बॉल, सपकन. असा आवाज मी उभ्या जन्मात चारदोनदाच ऐकला असेल."

मग सर्व्हेयर खाली मान घालून म्हणाले, "नाना, परत एकदा सांगा. मी बघितलंच नाही. डोळे मिटले होते मी."

सोफ्यावरचं डोकं गर्रकन वळलं. "काय? माझी पेनल्टी तुम्ही बघितली नाही? बाबा!"

"नाही बघवलं गं."

"मग आजोबांना कुणी सांगितलं?"

"त्यांनीच मला सांगितलं."

छकुलीने एकदा बापाकडे बघितलं, एकदा आजोबांकडे, आणि तिला हसू फुटलं. रडणं अजून पुरतं थांबलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही एकदम आलं. "म्हणजे तुम्ही दोघांनीही बघितलं नाही! आणि आजोबा, तुम्ही मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. मी आधी उजवीकडे झुकल्यासारखं केलं होतं, तिला फसवायला. म्हणून तर तिने डावीकडे मारला."

"असं?" नानांचा चेहरा उजळला. "हे नाही मला कळलं. सांग. पहिल्यापासून सांग."

ती ताडकन उठली, चहाचं टेबल बाजूला ढकललं, दोन दारांच्या मधे गुडघे वाकवून उभी राहिली आणि एक खांदा जरासा उजवीकडे टाकला. बँक मॅनेजर मागे सरकले.

"अगं, नुसती दाखवू नकोस," नाना ओरडले, "बोल!"

आणि छकुली बोलायला लागली.